बिलिरुबिन १.८ आलंय, बाकी लिव्हर टेस्ट नॉर्मल. काळजी करावी की हे वय आणि शुगरसाठी उलट चांगलं?

बिलिरुबिन म्हणजे जुन्या लाल रक्तपेशी मोडल्यावर बनणारं पिवळं द्रव्य. आधी रिपोर्टमधला 'डायरेक्ट' (यकृताने प्रक्रिया केलेल्या बिलिरुबिनचा) आकडा बघा. तो ०.३ च्या आत असेल, एसजीपीटी (यकृताला इजा झाली की वाढणारं एन्झाइम) आणि हिमोग्लोबिन नॉर्मल असेल, तर बहुधा गिल्बर्ट सिंड्रोम. यात यकृतातलं बिलिरुबिन निचरा करणारं एन्झाइम जन्मतःच सुमारे ३० टक्केच काम करतं. हा आजार नव्हे, औषध लागत नाही. उपाशी राहिलात, ताप आला, झोप मोडली की आकडा चढतो. म्हणून नीट जेवण चालू असताना पुन्हा तपासा.

आता फायद्याचं. इनडायरेक्ट (यकृताने अजून प्रक्रिया न केलेलं) बिलिरुबिन हे ताकदवान अँटिऑक्सिडंट आहे. एलडीएलचं, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचं, ऑक्सिडेशन ते रोखतं. किंचित जास्त पातळी असणाऱ्यांत हृदयविकार आणि टाइप २ मधुमेह कमी आढळतो. पण चरबी आणि इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं) वाढला की बिलिरुबिन स्वतःच घटतं, त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे सुटं करणं अवघड. म्हणून ते मुद्दाम वाढवायच्या फंदात कृपया पडू नका.

लघवी चहासारखी गडद, शौच पांढरट, अंगाला खाज: हे गिल्बर्ट नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कॅन्सरवरचं इरिनोटेकॅन सुरू होणार असेल तर गिल्बर्ट असल्याचं आधीच सांगा. त्याचे दुष्परिणाम वाढतात.