तक्रार केली आणि नोकरी गेली: हा सूड होता हे सिद्ध कसं करायचं?

बढतीत भेदभाव होतोय अशी तक्रार तुम्ही एचआरकडे केलीत आणि सहा आठवड्यांत 'काम समाधानकारक नाही' म्हणून तुम्हाला काढलं. वाचून पोटात कालवलं. मी गरोदर आहे हे सांगितल्यावर माझ्याकडची मोठी कामं एकेक करून काढून घेतली होती. तक्रार केली, मग नोकरीही गेली.

आधी भेदभाव आणि सूड हे दोन मुद्दे वेगळे करा. साहेबांच्या मनात काय होतं हे दाखवणं फार अवघड. तक्रारीची आणि काढल्याची तारीख मात्र कागदावर असते. अमेरिकेच्या कायद्यात तर मूळ भेदभाव सिद्ध झाला नाही, तरी तक्रार प्रामाणिक आणि सकारण असेल तर सूडाचा दावा टिकू शकतो. अंतर जितकं कमी, तितकं बरं: तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये 20 महिन्यांचं अंतर फार मोठं ठरवलं होतं.

पण नुसत्या तारखांवर विसंबू नका. त्याच न्यायालयाने 1973 मध्ये घालून दिलेली पद्धत अशी: तुम्ही प्रथमदर्शनी, म्हणजे वरवर पाहता पटेल अशी, बाजू मांडायची, कंपनीने कारण द्यायचं, मग ते कारण ही निव्वळ सबब आहे हे तुम्ही दाखवायचं. खरी लढाई इथे होते. मला काढल्याच्या पत्रात 'कामगिरी' लिहिलं होतं, कंपनीच्या वकिलाच्या उत्तरात 'पदच रद्द केलं' असं आलं, आणि महिन्याभरात त्याच पदाची जाहिरात निघाली. या बदलत्या कारणानेच मला तारलं. तुम्ही तक्रारीआधीची अप्रेझल्स शोधा. त्याच साहेबांच्या हाताखाली तीच चूक करून कोण टिकलं, तेही आठवा.

आज रात्रीच घटनाक्रम लिहून काढा, तारखा आणि नेमक्या शब्दांसकट. चॅट पुसू नका. कंपनीच्या गोपनीय फायली मात्र उचलू नका, ते तुमच्यावरच उलटेल. हिशेबाच्या कागदावर 'यापुढे कोणताही दावा नाही' असं असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. सरकारी यंत्रणेकडे तक्रार नोंदवायची मुदतही लगेच विचारा. अमेरिकेत ती 180 दिवस, बहुतेक राज्यांत 300.

आणि तक्रारीचा मजकूर पुन्हा वाचा. त्यात 'साहेब त्रास देतात' एवढंच असेल तर कंपनी म्हणेल, भेदभावाची तक्रार आमच्याकडे आलीच नव्हती. तसं असेल तर ज्यांच्यासमोर तुम्ही तोंडी स्पष्ट बोललात, त्या सहकाऱ्यांना आधी गाठा.