जुन्या स्पोर्ट्स कारचा हाताला न येणारा स्पार्क प्लग बदलायला इंजिन उतरवावं लागतं का? की गाडी सरळ पुण्याला पाठवावी?

नुसत्या प्लगसाठी इंजिन उतरवायचं नाही, आणि पुण्याला तर मुळीच पाठवायची नाही. फोक्सवॅगनच्या जुन्या कारमान गियाच्या तीन नंबरच्या प्लगला निपाणीत कोणी हात लावायला तयार नाही असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही.

हीच गाडी आमच्या मामांकडे आहे. इंजिन बीटलचंच, मागं बसवलेलं, सिलिंडर आडवे, त्यामुळं प्लग दोन्ही बाजूंना पत्र्याच्या आत. तीन नंबर म्हणजे डावीकडचा पुढचा. तिथं बोटं कशीबशी पोचतात, नजर पोचत नाही. आमचे मेव्हणे पुण्यात असतात. 'बेळगावात असल्या गाड्या कळणारं आहे कोण?' हे त्यांचं जुनं पालुपद. त्यांच्याच आग्रहाखातर मामांनी गाडी तिकडच्या एका गॅरेजला दिली. प्लग बदलून आले, बिलही दणदणीत आलं.

पुढं चोर्ला घाटातून गोव्याला निघालो तर कणकुंबीच्या अलीकडंच मागनं बार उडाल्यासारखा आवाज झाला आणि मग नुसतं फट्‌ फट्‌ फट्‌. उतरून बघतोय तर तीन नंबरचा प्लग हेडातून, म्हणजे सिलिंडरच्या झाकणातून, सुटून वायरला लोंबकळतोय. त्याच्या आट्यांत हेडचं ॲल्युमिनियम गुंडाळून बाहेर आलेलं. हेड ॲल्युमिनियमचं, प्लग पोलादी. दिसत नाही म्हणून वाकडा धरला, जाईना म्हणून रॅचेट लावून दाबून बसवला, एवढीच ती पुण्याची कारागिरी.

टेम्पोत घालून गाडी उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, आणली. हायड्रॉलिकचे पार्ट मायक्रॉनमध्ये मोजून देणारी माणसं तिथं गल्लीगल्लीत आहेत. आमच्या ओळखीच्या टर्नरनं बाहेरून मोठे आणि आतून १४ बाय १.२५ चे आटे असलेला पोलादी बुश लेथवर काढला. हेडात टॅप मारताना, म्हणजे आटे पाडताना, टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं, म्हणजे चुरा सिलिंडरमध्ये पडत नाही. मग २१ चं प्लग सॉकेट कापून आखूड केलं आणि मागं नट वेल्ड करून दिला, म्हणजे रॅचेटला जागा नसली तरी साध्या पान्यानं फिरवता येतं. मी प्लग घालायला लागलो तर म्हणाला, "बोटानं जाईत नाही तर पान्यानं कशाला घालालास? आधी उलटं फिरव की. टक्‌ करून बसतोय बघ, मग सुलटं." तो बुश आजही जागेवर आहे. मेव्हणे मात्र अजून म्हणतात की प्लगच खराब असणार.

तर तुम्ही काय करायचं? इंजिन पूर्ण गार होऊ द्या, गरम ॲल्युमिनियमचे आटे प्लगबरोबर ओढले जातात. काढायच्या आधी भोवतीची माती हवेनं उडवा. आखूड सॉकेट आणि नकल जॉइंट, म्हणजे कोनात वळणारा जोड, एवढं पुरतं. नवा प्लग घालताना त्याच्या पांढऱ्या टोकावर घट्ट बसणारी रबरी नळी चढवा आणि नळीनंच फिरवा. आटे वाकडे धरले तर नळी घसरते, पाना घसरत नाही. गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, ०.६ ते ०.७ मिलिमीटर. वायसर टेकला की पान्यानं अर्धा फेरा, बास. वायरची रबरी टोपी पत्र्याच्या भोकात नीट बसली पाहिजे, नाहीतर पंख्याची हवा तिथूनच निसटते आणि हेड तापतं.

जागा अडचणीची म्हणून मेकॅनिकनं हात वर करायचे, हे मला पटत नाही. १९६४ च्या सनबीम टायगर या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये फोर्डचं व्ही-८ इंजिन कोंबलं, तेव्हा डावीकडचा शेवटचा प्लग काढायला केबिनच्या आतून पत्र्याला भोक ठेवलं आणि रबरी बूच लावलं.

एक राहिलं. तुमचे आटे आधीच गेलेले असतील तर मात्र इंजिन उतरवा. आम्हीही बुशसाठी उतरवलंच होतं. या गाडीत इंजिन गिअरबॉक्सला चार बोल्टांवर धरलेलं असतं, पेट्रोलची नळी, केबल आणि वायरी सोडवल्या की जॅकवर खाली येतं. आणि हे सगळं कारमान गियापुरतं. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं हेड बिडाचं असतं आणि प्लगही समोर दिसतात, तिथं एवढं जपावं लागत नाही. निपाणीहून उद्यमबाग काही लांब नाही, सॉकेट तरी इथूनच करून न्या.