पुण्यात आलेलं मूल रात्री झोपत नाही, तेव्हा

परदेशातून आलेलं विमान मुंबईला उतरतं, गाडी घाट चढून पुण्यात येते, आजी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकते आणि त्याच रात्री दीड वाजता दोन वर्षांचं मूल टक्क जागं होऊन "खाली जाऊ या" म्हणतं. पहिल्या तीन-चार रात्री सगळं घर कौतुकाने जागतं. दुसऱ्या आठवड्यातही तेच चाललं की सूर बदलतो. "तिकडे वेगळ्या खोलीत झोपवता ना, म्हणून हे असं," असं एका बाजूचं म्हणणं, तर "इकडे सारखं मांडीवर घेतात, म्हणून," असं दुसऱ्या बाजूचं. दोघांचंही थोडं थोडं खरं असतं, पण बहुतेक वेळा सवयी हे शेवटचं कारण असतं. त्याआधी घड्याळ, दुपारची झोप आणि गारठा ही तीन कारणं तपासायची. आणि रात्र सुधारायची तर खरं काम सकाळी आणि दुपारी करावं लागतं. रात्री दोन वाजता करण्यासारखं फार थोडं उरतं.

आधी हिशेब मांडा. डिसेंबरात न्यू जर्सी पुण्याच्या साडेदहा तास मागे असतं. पुण्यात रात्रीचे आठ म्हणजे मुलाच्या शरीराला सकाळचे साडेनऊ. ते हट्ट करत नाही, त्याचा दिवस खरोखरच आता उजाडलेला असतो. लंडनचा फरक साडेपाच तासांचा. तिथे साडेसातला झोपणाऱ्या मुलाला इथे रात्री एकपर्यंत झोप येणार नाही, आणि कोणी उठवलं नाही तर ते दुपारपर्यंत झोपेल. सिडनीहून आलेल्यांचं नेमकं उलट: मूल दुपारी दोनला डोळे चोळायला लागतं आणि मध्यरात्री साडेबाराला ताजंतवानं उठतं. दुबईचा दीड तास दोन दिवसांत निघून जातो, त्याची काळजी नको. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकतं. म्हणजे लंडन किंवा सिडनीहून आल्यावर पाच-सहा दिवस आणि अमेरिकेहून आल्यावर आठ-दहा दिवस धरूनच चालायचं. दोन आठवड्यांच्या सुट्टीत पहिल्याच शनिवारी सत्यनारायण आणि रविवारी महाबळेश्वर ठेवलं, तर ते मूल सुट्टीभर सावरत नाही.

हे घड्याळ सरकतं ते मुख्यतः उजेडाने, पण कुठल्या वेळच्या उजेडाने, इथेच बहुतेकांची चूक होते. 'सकाळचं कोवळं ऊन द्या' हा सल्ला एरवी बरोबर, पण लंडनहून आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी सात वाजता सारसबागेत नेलंत तर उलटा परिणाम होतो. शरीराच्या हिशेबाने तेव्हा मध्यरात्र उलटून दीड वाजलेला असतो, आणि त्या वेळी मिळालेला उजेड घड्याळ आणखी मागे ढकलतो. म्हणून पहिल्या दिवशी पडदे ओढून ठेवा, साडेआठ-नऊपर्यंत उठवा, पण भर उजेडात साडेदहानंतर न्या. मग रोज तासभर अलीकडे या. चौथ्या-पाचव्या दिवशी सातची टेकडी चालेल. सिडनीकरांनी संध्याकाळ धरावी: साडेचार ते सहा मोकळ्या हवेत, त्यानंतर साडेसातपर्यंत घरातले सगळे दिवे लावलेले, आणि मध्यरात्रीनंतर मूल उठलं तरी खोलीत काळोखच. अमेरिकेहून आलेल्यांचा फरक इतका मोठा असतो की घड्याळ कुठल्याही बाजूने फिरू शकतं. तिथे बारकाव्यात शिरू नका. दिवसा भरपूर वेळ बाहेर, रात्री अंधार, आणि उठण्याची एकच ठरलेली वेळ, एवढं पुरतं.

आता दुपार. पुण्यातल्या घरात एक ते चार सगळं शांत असतं. आजी-आजोबा पडलेले, आई-बाबाही प्रवासाने थकलेले, आणि मूल झोपलंय म्हणून सगळ्यांना हायसं वाटतं. ते चार तास झोपतं आणि ती रात्रच असते, फक्त दुपारी आलेली. एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३. यात दुपारची झोप धरलेली आहे. दुपारी चार तास गेले की रात्रीला सात-आठच उरतात. म्हणून दुपारी फार तर दीड तास, आणि साडेतीनच्या पुढे नाही. मोबाइलवर गजर लावा आणि उठवण्याचं काम ज्याला पाझर फुटणार नाही अशा माणसाकडे द्या.

गाढ झोपलेल्या मुलाला उठवायचंही एक तंत्र आहे. हाक मारून किंवा गदागदा हलवून उठवलं तर पाऊण तास रडारड होते. आधी पडदे उघडा, पंखा बंद करा, पांघरूण काढा आणि पाच मिनिटं थांबा. मग उचलून मांडीवर बसतं करा आणि ओल्या रुमालाने तळपाय पुसा. हातात खेळणं नको, खायला द्या: केळ्याचा तुकडा किंवा तूपसाखर लावलेल्या पोळीची सुरळी. तोंड हलायला लागलं की डोळे उघडतात. तसंच उचलून गॅलरीत न्या. उठवल्यावर दहा मिनिटांत ते जमिनीवर चालत नसेल, तर परत झोपणार हे नक्की.

रात्री दोनला उठलं तर पहिल्या तीन-चार रात्री भूक खरी असते. पोटही जुन्याच घड्याळावर चाललेलं असतं. झोपायला जातानाच चार घास दहीभात वाटीत झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि उठल्यावर थोडा कोमट करून त्याच खोलीत, मंद दिव्याखाली भरवा. मग पाणी, दात पुसणं, परत अंथरूण. दिवाणखान्यात आणू नका, टीव्ही नको, मोबाइल नको, आणि आजोबांनी उठून गप्पा मारायच्या नाहीत, कितीही मोह झाला तरी. मूल तासभर अंधारात लोळत बडबडलं तरी चालेल. पाचव्या रात्रीपासून दहीभात बंद, फक्त पाणी. त्याऐवजी संध्याकाळी साडेसातला पोटभर वरणभात-तूप जाऊ द्या. स्वयंपाकघराच्या आणि गॅलरीच्या दाराला वरची कडी रात्री न चुकता घाला. नव्या घरात झोपेतून उठलेलं मूल अंधारात कुठेही चालत जातं.

गारठ्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि आपल्या घरांत हीटर नसतो. फरशी गार, खिडकीच्या फटीतून वारा. तिकडे २० अंशांच्या उबदार खोलीत पातळ कपड्यात झोपणारं मूल इथे बरोबर चार वाजता उठतं, कारण पांघरूण त्याने लाथेने कधीच उडवलेलं असतं. दोन वर्षांच्या मुलाला पांघरूण राखता येत नाही. त्यामुळे ऊब अंगातल्या कपड्यांतूनच द्यायची: सुती बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा जाडसर सदरा आणि पायजमा, मोजे. तिकडची झोपेची पिशवी असेल तर ती आठवणीने बॅगेत टाका. गादी जमिनीवर घालणार असाल तर खाली सतरंजी आणि जाड गोधडी अंथरा. मूल गरम आहे का हे त्याच्या हाताचे पंजे चाचपून पाहू नका, ते गारच लागतात. मानेमागे हात घाला. तिथे घाम असेल तर एक थर कमी करा. एप्रिल-मेमध्ये सगळं उलट: बिनबाह्यांचा सुती झबला, पंखा, आणि झोपण्याआधी कोमट पाण्याची अंघोळ. पुण्यात दुरुस्तीच्या कामांमुळे गुरुवारी पाणी नसण्याची शक्यता असते, तेव्हा बादली सकाळीच भरून ठेवा. रोजची अंघोळ चुकली की मुलाच्या दृष्टीने रात्र सुरूच होत नाही.

मच्छरदाणी दुपारच्या झोपेलाही लावा, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो. बंद खोलीत कॉइल लावू नका. कुत्र्यांचं भुंकणं, वॉचमनची शिट्टी, पहाटेचा कुकर यांना मूल आठवड्याभरात सरावतं. तोवर पंख्याचा एकसुरी आवाज कामी येतो.

घड्याळ बसलं, ऊब नीट आहे, दुपार आटोक्यात आहे, तरीही मूल दर दीड-दोन तासांनी उठून रडतंय, तर मात्र ते झोपी कसं जातं ते बघा. लहान मुलं रात्रीत अनेकदा अर्धवट जागी होतात आणि आजूबाजूला सगळं जसंच्या तसं असेल तर पुन्हा झोपतात. आजोबांच्या खांद्यावर, येरझाऱ्या घालत झोपलेलं मूल गादीवर जागं होतं, तेव्हा त्याच्या लेखी खांदा हरवलेला असतो. म्हणून ते खांदा मागतं. आजी-आजोबांच्या मायेत खोट नाही. प्रश्न एवढाच, की हाच खांदा पहाटे तीनला जर्सी सिटीत कोण देणार? जी पद्धत परत गेल्यावर दोघांनाच निभवता येईल, तीच इथे सगळ्यांनी पाळायची. हे पोहोचल्याच्या दिवशी, दिवसाउजेडी, चहाच्या वेळी बोलून घ्या. रात्री दोन वाजता आईच्या हातातून मूल ओढून घेत हा विषय काढू नये.

एका गादीवर सगळ्यांनी झोपण्यात वर्षावरच्या मुलाला वाईट काही नाही. तिकडेही तसंच झोपणार असाल तर प्रश्नच मिटला. स्वतंत्र झोपणारं मूल असेल तर खोली एक आणि अंथरूण वेगळं, हा मधला मार्ग बरा. थोपटणंही एकदम बंद करायचं नसतं. आधी वेग कमी करा, दोन-तीन रात्रींनी जोर कमी करा, मग हात नुसता पाठीवर ठेवा. त्यानंतर हात गादीवर, मुलाच्या बोटांना लागेल इतका जवळ. शेवटी हात नाही, फक्त शेजारी बसणं आणि तीच ती अंगाई अगदी हळू. प्रत्येक पायरीला दोन-तीन रात्री लागतात. एखाद्या रात्री मागे यावं लागलं तर एकच पायरी या, पार खांद्यापर्यंत नको.

बाटलीचंही तेच. रात्री १८० मिली दूध पिऊनच झोपणाऱ्या मुलाचं दर दोन रात्रींनी ३० मिली कमी केलं तर बारा दिवसांत बाटली सुटते. दुधात पाणी वाढवत बसू नका, दूधच कमी करा. दिवसाचं एकूण दूधही अर्ध्या लिटरच्या आसपास ठेवा. लिटरभर दुधावर वाढणारी मुलं जेवत नाहीत, त्यांच्यात लोह कमी पडतं, आणि लोह कमी असलेली मुलं रात्री पाय झाडत चुळबुळतात. चार नंतर चहा-बिस्किटातला चहा आणि चॉकलेटही नको.

जायफळाचा विषय निघतोच. सहाणेवरचे दोन वेढे दुधातून देण्याची चाल जुनी आहे, पण वेढ्यातून पोटात किती गेलं हे कोणालाच सांगता येत नाही, आणि जायफळ प्रमाणाबाहेर गेलं तर विषारी ठरतं. देऊ नये. आजींना काही करावंसं वाटणं स्वाभाविक आहे. त्यांच्याकडे अंघोळीआधीचं तेल लावणं द्या, त्याने मूल खरोखर निवतं. झोप यावी म्हणून सर्दीचं सिरप तर मुळीच नको. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिन एकत्र असलेली औषधं चार वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, अशी सूचना लेबलवर छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला आहे. अमेरिकेत दुकानात सहज मिळणाऱ्या मेलाटोनिनच्या, म्हणजे झोपेच्या संप्रेरकाच्या, गोळ्याही बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नकोत.

काही लक्षणांना मात्र 'जेट लॅग' म्हणून सोडून देऊ नका. विमानप्रवासानंतर आडवं केल्यावर वाढणारं रडणं आणि कान ओढणं, तोंड उघडं ठेवून मोठ्याने घोरणं आणि मधेच श्वास थांबल्यासारखा वाटणं, रात्री शीच्या जागी खाज सुटणं. पहिल्यात कान, दुसऱ्यात टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी, तिसऱ्यात जंत तपासायचे असतात. झोपल्यावर दोन-तीन तासांत मूल किंचाळून उठतं, डोळे उघडे असतात पण तुम्हाला ओळखत नाही, हा प्रकार वेगळा. तेव्हा ते जागं नसतं. उठवू नका, कुठे आपटणार नाही एवढं पाहा, काही मिनिटांत आपोआप निवतं.

नातेवाइकांची आमंत्रणं रात्रीच्या जेवणाची येतात आणि पानं मांडायलाच साडेनऊ होतात. दुपारचं जेवण किंवा पाचचा चहा मागून घ्या. प्रेमाने सांगितलं की लोक मानतात.

परत गेल्यावर पुन्हा आठ-दहा रात्री जातात, आणि या वेळी घर रिकामं असतं. मूल आजीला हाका मारत उठतं. एक साधी चूक तेव्हा टाळा. न्यू जर्सीत हिवाळ्यात संध्याकाळी साडेसातला व्हिडिओ कॉल लावला की पुण्यात सकाळचे सहा वाजलेले असतात. आजी-आजोबा उठलेले, आनंदात. मूल पडद्यासमोर उड्या मारतं आणि पुढे दोन तास झोपत नाही. हाच कॉल तिकडच्या सकाळी साडेसातला लावा, इथे संध्याकाळचे सहा असतात, दिवे लागणीची वेळ. इथे ज्या छोट्या गोधडीवर मूल झोपलं ती सोबत न्या, तिकडच्या अंथरुणावर तीच घाला. निघायच्या आधी ती धुऊ नका, आणि चेक-इनच्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा.