दहा मिनिटं दार लावून

कोरोनाचा लॉकडाऊन लागला आणि या सल्ल्याच्या सदराला येणाऱ्या पत्रांचा रंगच बदलला. आधी ऑफिसातलं राजकारण असायचं, शेजाऱ्यांचा गोंगाट असायचा, मग सगळेच आपापल्या घरात कोंडले गेले आणि बहुतेक पत्रांच्या शेवटी एकच वाक्य, स्वतःची काळजी कशी घेऊ ते सांगा. त्या दिवसांतली ही काही.

प्रश्न : ताई, आम्ही घरात पाच जण. नवऱ्याचं वर्क फ्रॉम होम, दोन मुलांच्या ऑनलाइन शाळा, सासूबाई. माझंही अर्धवेळ काम आहे, तेही घरूनच. दिवसभर कुणी ना कुणी हाक मारतंच. परवा मी बाथरूममध्ये उपड्या बादलीवर वीस मिनिटं नुसती नळाकडे बघत बसले होते, बाहेरून मुलगी विचारत होती चार्जर कुठंय. बाहेर आले आणि वाटलं आपण किती स्वार्थी आहोत, जग कुठल्या संकटात आहे आणि मला एकटं बसायचंय. चुकतंय का माझं?

उत्तर : चुकतंय एवढंच की तुम्हाला बादलीवर बसावं लागतंय, खुर्ची मिळायला हवी होती. अहो, आधी सगळे सकाळी बाहेर पडायचे तेव्हा चार-पाच तास घर तुमचं असायचं, त्या वेळात तुम्ही कामंच करत असाल पण कुणी हाक मारत नव्हतं ना, ती शांतता न मागता मिळत होती. आता ती मागून घ्यावी लागणार, आणि मागायची सवय नसली की मागणं म्हणजे स्वार्थ वाटतो.

तर मागू नका, सांगा. रोज अमुक वेळेला दहा मिनिटं मी खोलीचं दार लावून बसणार, ही वेळ जेवणाच्या वेळेसारखी ठरलेली. मुलांना घड्याळ दाखवा, मोठा काटा इथं आला की आई बाहेर येणार. पहिले चार दिवस ती दार वाजवणारच, हे धरून चाला, आणि धूर किंवा रक्त या दोन गोष्टी सोडून कशालाही दार उघडू नका. एकदा जरी चार्जरसाठी उघडलंत तर पाचव्या दिवशीही वाजणार.

त्या दहा मिनिटांत फोन नको. काहीतरी उपयोगाचं करायला हवं असंही नाही. फारच चुळबुळ होत असेल तर नुसता श्वास मोजा, चार आकडे आत आणि सहा आकडे बाहेर, बाहेरचा श्वास लांबला की हृदयाचे ठोके जरा मंदावतात आणि खांदे कानापाशी चढून बसलेले असतात ते आपोआप खाली येतात. त्यात अध्यात्म बिध्यात्म काही नाही, शरीराची रचनाच तशी आहे.

आता खरं दुखणं. दहा मिनिटांनी काय होणार, उरलेला दिवस तसाच आहे. एका कागदावर दिवसभरातली घरातली कामं लिहून काढा, सगळी, साबण संपत आलाय हे लक्षात ठेवणं हेसुद्धा कामच आहे, ते लिहा. मग कागद सगळ्यांसमोर ठेवा आणि कामं वाटून द्या, मदत म्हणून नाही, मालकीने. भांडी नवऱ्याकडे म्हणजे घासणंही त्याचं, घासणी झिजलीये हे बघणंही त्याचं, रात्री राहिली तर सकाळी त्याचीच. तुम्ही फक्त एक करायचं, त्याने लावलेली भांडी परत नीट लावायची नाहीत. हे फार अवघड जातं, मला स्वतःला तीन आठवडे लागले, उलटी ठेवलेली वाटी दिसली की हात शिवशिवायचे.

प्रश्न : सतत हात धुवून माझ्या बोटांच्या पेरांवर चिरा पडल्यात. सॅनिटायझर लागलं की डोळ्यांतून पाणी येतं. धुणं कमी करू का?

उत्तर : धुणं कमी नको, पद्धत बदला. कोरोनाच्या विषाणूभोवती चरबीचं वेष्टण असतं, साबण ते फोडतो, पण तोच साबण आपल्या कातडीतलं तेलही काढून नेतो. पाणी कडकडीत नको, त्याने विषाणू काही जास्त मरत नाही, कातडी मात्र लवकर फाटते, कोमट किंवा साधं घ्या. २० सेकंद धुतलेत की पुरे. टॉवेलने खसाखसा पुसू नका, टिपा, आणि हात किंचित ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली नाहीतर ग्लिसरीनवालं क्रीम लावा. रात्री जरा जाड थर आणि वरून सुती हातमोजे. भांडी घासताना रबरी मोजे. हात मळलेले दिसत नसतील तर किमान ६० टक्के अल्कोहोलचं सॅनिटायझर चालतं, चिरांवर झोंबतं खरं पण साबणापेक्षा कातडी कमीच सुकवतं, त्यामुळे चिरा भरल्या की घाबरू नका. चिरांमधून पाणी येत असेल, लाली पसरत असेल तर डॉक्टरांना फोन करा.

प्रश्न : वय २६. बेडवरच लॅपटॉप, बेडवरच मीटिंग, जेवणही तिथंच. रात्री झोप येत नाही, चार वाजतात, मग सकाळी मीटिंगच्या दोन मिनिटं आधी उठतो, वरून शर्ट घालतो, खाली कालचीच शॉर्ट. दुपारी डोळे मिटायला लागतात म्हणून कॉफी. रविवारी दुपारी दोनला उठलो. मी आळशी झालोय का?

उत्तर : अरेतुरे करते, चालेल ना. आळशी नाही झालास रे, तुझं घड्याळ सरकलंय. माणसाच्या शरीरातलं घड्याळ बरोबर २४ तासांचं नसतं, बहुतेकांचं त्याहून काही मिनिटं जास्तच चालतं, आणि ते रोज मागे ओढून जागेवर आणायचं काम सकाळचा उजेड करतो. आधी तू ऑफिसला जायला बाहेर पडायचास, उजेड फुकट मिळत होता. आता पडदा ओढलेली खोली. घरातल्या दिव्याचा उजेड शंभर-तीनशे लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) असतो, बाहेर ढगाळ असलं तरी काही हजार लक्स. तुझ्या शरीराला दिवस उगवल्याचं कुणी सांगितलेलंच नाहीये.

म्हणून झोपायच्या वेळेचा नाद सोड, ती आपल्या हातात नसते. उठायची वेळ हातात असते. एक वेळ ठरव आणि आठवडाभर तीच, रविवारीसुद्धा, रात्री कितीही वाजता झोपलास तरी. पहिले दोन-तीन दिवस डोकं जड राहील. उठलास की फोन हातात घ्यायच्या आधी खिडकीत, गॅलरीत, गच्चीत, जिथं असेल तिथं अर्धा तास उजेडात बस.

कॉफी दुपारच्या जेवणानंतर बंद. प्यायलेल्या कॅफीनपैकी निम्मं साधारण पाच तासांनीही अंगात असतं, म्हणजे संध्याकाळी सहाची कॉफी रात्री अकराला निम्मी जागीच. फारच झोप आली तर दुपारी तीनच्या आत २० मिनिटं गजर लावून झोप.

आणि तो बेड. त्याच्यावर आत्ता काय काय आहे ते मी सांगू का, चार्जरची वायर, एक रिकामा मग, हेडफोन, उशीखाली कुठेतरी पेन. बेडवर बसून तू दिवसभर टेन्शन घेतोस, मग रात्री तोच बेड डोक्याला सांगतो चला कामाला लागा. टेबल नसेल तर जमिनीवर बस, भिंतीला टेकून, लॅपटॉप एखाद्या खोक्यावर, पण बेड फक्त झोपेला. वीसेक मिनिटं झोप नाही आली तर तळमळत पडू नकोस, उठ, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाच, पेंग आली की परत ये. घड्याळात बघू नकोस, ते बघूनच निम्मी झोप उडते.

शॉर्ट बदल बाबा. त्याला शास्त्रीय कारण नाही, बदल फक्त.

प्रश्न : वय ६८. रोज तासभर फिरायचो, ते बंद. दोन खोल्यांत काय चालणार? गुडघे धरू लागलेत.

उत्तर : काका, तासभर सलग व्हायलाच हवं असं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये व्यायामाच्या नव्या सूचना काढल्या, त्यात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगितलीये, पण एका वेळी किमान दहा मिनिटं तरी हवीत ही जुनी अट काढून टाकलीये. म्हणजे फोनवर बोलताना या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चाललात तेही धरा. ६५ च्या पुढच्यांनी आठवड्यातून तीनदा तोल सांभाळायचे आणि ताकदीचे व्यायाम करावेत असंही त्यात आहे. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं आणि हळूहळू बसायचं, बसताना धप्पकन नाही, आठ-दहा वेळा, खुर्ची भिंतीला टेकवलेली हवी आणि चाकांची अजिबात नको. मग ओट्याला एक बोट लावून एका पायावर उभं राहायचं. छातीत दुखलं, धाप लागली, चक्कर आली तर थांबा आणि डॉक्टरांशी बोला, उगाच नेट लावू नका.

प्रश्न : एकटी राहते. सकाळपासून बातम्या, आकडे, परत बातम्या. काल लक्षात आलं की दोन दिवस मी तोंडातून एक शब्द काढला नव्हता, कुरिअरवाल्याशी बोलायला गेले तर आवाज घोगरा आला.

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी जरा वेळ थांबले. बातम्या दिवसातून दोनदा बघा, वेळ ठरवून, आणि झोपायच्या आधीच्या तासात नाही. तासातासाला आकडा बघून तो कमी होत नाही. त्या वेळात रोज एका माणसाला फोन करा, व्हिडिओ कॉल नको वाटत असेल तर साधा आवाजाचा, निरोप टाईप करणं यात धरायचं नाही. विषय लागत नाही. आज काय शिजवलं, चप्पल तुटली, असलंच बोलायचं. समोरच्यालाही बहुतेक तेच हवं असतं, फक्त आधी फोन कुणी करायचा म्हणून दोघं बसलेले असतात.

पण दोन आठवडे झाले आणि कशातच मन लागत नाही, झोप-भूक बिघडलीये, असं असेल तर डॉक्टरांशी बोला, आता फोनवरही बोलता येतं. आणि जगणं नको असं मनात येत असेल तर पुढच्या पत्राची वाट बघू नका, त्याच दिवशी हेल्पलाइनला किंवा जवळच्या कुणालातरी फोन करा, मध्यरात्र असली तरी.

प्रश्न : पार्लर बंद. पुढचे केस स्वतः कापू का?

उत्तर : कापा, पण सुके असताना आणि वाटतंय त्याच्या निम्मेच. ओले केस ताणून लांब दिसतात, सुकले की वर चढतात. मी ओले कापले होते. दोन आठवडे मीटिंगमध्ये माझा कॅमेरा खराब होता.