अकरा वर्षांच्या कुत्रीला डोंगरावर न्यावं की घरी ठेवावं?

तुम्ही विचारलंय की घरात दोन कुत्री आहेत, मादी अकरा वर्षांची आणि नर दीड वर्षाचा. शनिवार-रविवार सगळे डोंगरावर निघालाय, सत्तरीचे वडीलही येणार आहेत. म्हातारीला न्यावं की शेजाऱ्यांकडे ठेवावं, आणि धाकट्याला वर मोकळं सोडलं तर चालेल का?

म्हातारीला न्या. फक्त त्या दिवशी शिखर गाठायचा हट्ट घरी ठेवून जा.

हे मी इतक्या ठामपणे सांगतेय कारण आमच्या घरात या एका गोष्टीवरून सात वर्षं वाद चालू आहे. दादाच्या दिवाणखान्यात शिखरावरचा एक फोटो लावलाय. त्यात दादा आहे, वहिनी आहे, आमचा कुत्रा वाघ्या आहे. आई, बाबा, मी आणि चिंगी नाही. पाहुणे आले की दादा तो फोटो दाखवतो आणि म्हणतो, "चिंगीमुळे या तिघांचं शिखर हुकलं." मला ते दर वेळी लागतं. म्हणून आज सगळं लिहिते.

चिंगी तेव्हा अकरा वर्षांची होती, तुमच्या मादीएवढीच. वजन अठरा किलो. ती खरं तर बाबांची. सकाळी बाबा पेपर उघडायचे आणि पाय चपलेतून काढून तिच्या पाठीवर ठेवायचे. पान उलटताना पाय जरा उचलला गेला की ती मान वळवून बघायची, पाय परत टेकला की डोळे मिटायची. संध्याकाळी बाबांची यायची वेळ झाली की अर्धा तास आधी दारातल्या पायरीवर जाऊन बसायची. बाबा निवृत्त झाल्यावरही तिने ते सोडलं नाही, आणि बाबा घरातच असले तरी त्या वेळी उठून तिच्याशेजारी पायरीवर जाऊन बसायचे. दोघांचा दिवस एवढ्यावर भागायचा. डोंगराची हौस दादाची होती.

दादाने आदल्या रात्री कागदावर हिशेब मांडला. एका बाजूने पाच किलोमीटर चाल, सहाशे मीटर चढ. ताशी पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाला वर एक तास. म्हणजे दोन तासांत माथा. हा नेस्मिथचा नियम, १८९२ सालचा. डोंगरात जाणारे लोक अजून तो वापरतात आणि नियम चांगला आहे, पण तो धडधाकट, न थांबता चालणाऱ्या माणसासाठी आहे. अडुसष्ट वर्षांचे बाबा आणि अकरा वर्षांची चिंगी त्यात कुठेच बसत नव्हते. मी म्हटलं चार तास धर. तो म्हणाला, "वर गार असतं, कुत्र्यांना बरंच वाटेल." वर गार असतं हे खरं, पण किती? हजार मीटरला साधारण साडेसहा अंश. सहाशे मीटरला जेमतेम चार. उन्हात तापलेल्या कातळापुढे हे चार अंश काहीच नाहीत.

कातळाचं एक सांगते, कारण हे बरेच जण विसरतात. आपल्या पायात बूट असतात, त्यांच्या नसतात. तळहाताची मागची बाजू दगडावर सात सेकंद टेकवून बघा. टेकवता आली नाही तर कुत्र्याचा तळवा भाजणार. आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडाफार येतो तो तळव्यांना, बाकी सगळी उष्णता धापा टाकूनच बाहेर टाकायची. त्यांचं अंग मुळातच ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं. त्यावर आणखी दोन-तीन अंश चढले की ते जिवावरचं दुखणं. म्हातारपणी हृदय किंवा श्वास कमजोर असेल तर हे फार भरभर घडतं.

दोन तासांनी आम्ही खिंडीत होतो, माथ्याच्या साधारण दोनशे मीटर खाली. चिंगी एका मोठ्या दगडाच्या सावलीत गेली, मागचे पाय पसरून पोट जमिनीला लावलं आणि पडून राहिली. जीभ बाहेर आली होती आणि टोकाला फावड्यासारखी रुंद झाली होती. पाणी पुढे केलं तर तिने दोनदा जीभ लावली आणि तोंड फिरवलं. बाबा तिच्याशेजारी बसले आणि बुटाच्या नाड्या सैल करायला लागले.

दादा म्हणाला, "आळस आहे नुसता. उठेल ती." त्याने दोरी ओढली आणि ती उठली.

हीच गोष्ट त्याला सात वर्षांत कळलेली नाही. कुत्रं उठतं. आपण पुढे निघालो की कुत्रं उठून मागे येतं, पाय दुखत असला तरी येतं, कारण मागे राहणं त्याच्या मनाला त्याहून जास्त दुखतं. तेव्हा ती उठली हा तिला काही होत नसल्याचा पुरावा होत नाही. चार पावलं गेली असेल. मागच्या डाव्या पायाची नखं दगडावर घासत होती, खरड, खरड, असा आवाज येत होता. निरोगी कुत्रं पाऊल उचलून टाकतं, त्याची नखं अशी वाजत नाहीत. मी खाली बसून पुढचा पाय हातात घेतला तर मधल्या तळव्याला चीर गेलेली, कडेला खडा रुतलेला. मी दादाच्या हातातून दोरी काढून घेतली. त्यावरून जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. दादा, वहिनी आणि वाघ्या वर गेले. आई म्हणाली, "मी पण थांबते." बाबा म्हणाले, "मी चिंगीपाशी बसतो," आणि हे त्यांनी जरा जास्तच पटकन म्हटलं.

तिला गार कसं केलं ते सांगते, उपयोगी पडेल. पोटावर, जांघेत आणि पंजांवर पाणी ओतलं आणि वारा लागेल अशी निजवली. अंगावर ओला टॉवेल पांघरून ठेवू नका. थोड्या वेळाने तोच गरम होतो आणि उष्णता आत कोंडते. बेशुद्धीची लक्षणं, अडखळणं, उलटी दिसली तर आधी पाणी ओतून गार करा आणि मग डॉक्टरकडे पळा, याच क्रमाने. चिंगीची धाप वीस-पंचवीस मिनिटांत उतरली. मग तिने पाणी मागितलं. बाबांनी थर्मासच्या झाकणात ओतलं, तिने ते संपवलं आणि झाकण नाकाने त्यांच्याकडे ढकललं. असं पाच वेळा झालं.

मग आम्ही दीड तास खिंडीत बसलो. वारा होता. आईने बसायची चादर अंथरली. बाबांचा हात चिंगीच्या कानामागे होता, आणि कुणी काही न विचारता ते बोलायला लागले. लहानपणी त्यांच्याकडे मोत्या नावाचा कुत्रा होता. आजोबा त्याला घरात येऊ देत नसत. थंडीत तो उंबऱ्याबाहेर झोपायचा. बाबा त्याच दाराशी अंथरूण घालायचे आणि दाराखालच्या फटीतून बोटं बाहेर काढून झोपायचे. मोत्या बोटांना नाक लावून झोपायचा. "सकाळी बोटं बधिर झालेली असायची," बाबा म्हणाले, "पण नाक तिथेच असायचं." आईला लग्नाला चाळीस वर्षं होऊनही हे माहीत नव्हतं. मला तर नव्हतंच. बाबा पेपर वाचताना चिंगीच्या पाठीवर पाय का ठेवायचे ते मला त्या खिंडीत कळलं.

त्या रात्री बाबांनी पायजमा वर केला तेव्हा उजवा गुडघा सुजून टम्म झालेला होता. म्हणजे ते सकाळपासून दुखत चालले होते आणि एका शब्दाने बोलले नव्हते. चिंगी बसली म्हणून त्यांना बसता आलं. दादाला मी हे सांगितलं, तर तो म्हणाला, "मग त्यांनी सांगायचं ना." बाबा कधी सांगतात?

या वादात माझ्या बाजूने बोलणारी एक साक्षीदार मला नंतर सापडली, तीही नावावरून. चिंगेल नावाची एक कुत्री होती, आल्प्समधली. कूलिज नावाचा सतरा वर्षांचा मुलगा १८६८ साली आयगर चढायला गेला आणि त्याला माथा गाठता आला नाही. तो खट्टू झाला म्हणून त्याचा वाटाड्या क्रिस्टियान आल्मर याने त्याला स्वतःची कुत्री देऊन टाकली. ती ही. पुढे कूलिज, त्याची मावशी मेटा ब्रेव्हूर्ट आणि चिंगेल अशा तिघांनी मिळून कितीतरी शिखरं केली. १८७५ मध्ये चिंगेल माँ ब्लाँच्या माथ्यावर उभी होती. बर्फाने तिचे तळवे सोलवटायचे म्हणून तिला चामड्याचे बूट शिवले होते, ते ती झटकून टाकायची. (आमच्या चिंगीच्या पायाला आम्ही बाबांचा मोजा बांधला होता, तो तिने दहा मिनिटांत फाडला.) हे दादाला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "बघ, ती माँ ब्लाँ चढली आणि तुझी खिंडीत बसली." मी म्हणते, सुरुवात वाच. शिखर हुकलं म्हणून कुत्री मिळाली. ते शिखर त्या दिवशी हुकलं नसतं तर पुढची सगळी वर्षं झालीच नसती.

उतरताना खरी परीक्षा झाली. लोक चढाची काळजी करतात, पण म्हाताऱ्या कुत्र्याला उतार मोडतो. उभ्या कुत्र्याचं साधारण साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, उतारावर ते आणखी पुढे सरकतं, आणि सगळा दणका खांद्यांना आणि मनगटांना बसतो. आम्ही चादरीची घडी करून तिच्या पोटाखालून घेतली, दोन्ही टोकं मी वर धरली आणि मागचा भार उचलत चालले. मोठ्या पायऱ्या आल्या की उचलून घेतली. अठरा किलो फार वाटत नाहीत, पण तिसऱ्या वेळी हात थरथरायला लागतात. तेव्हा तुमची मादी तीस-पस्तीस किलोची असेल आणि तिला उचलून आणणारं कुणी सोबत नसेल तर गाडीरस्त्यापासून फार लांब जाऊच नका. पायथ्याशी झाडाखाली चादर टाकून दिवसभर बसलात तरी तिला तो डोंगरच आहे. तिला वास हवेत आणि तुम्ही सगळे नजरेच्या टप्प्यात हवेत.

पाण्याचं बघा. घरी बसून असलं तरी कुत्र्याला किलोमागे दिवसाला पन्नास-साठ मिली लागतं, म्हणजे अठरा किलोला जवळजवळ लिटरभर. डोंगरावर दुप्पट धरा, आणि ते तुमच्या पाण्याव्यतिरिक्त. पहाटे निघा, ऊन चढायच्या आत सावलीत या.

हे आधी लिहायला हवं होतं: जाण्यापूर्वी म्हातारीला डॉक्टरांना दाखवा. हृदय, सांधे, रेबीजची लस, गोचिडांचं औषध. बसक्या नाकाची जात असेल तर माझं वरचं सगळं विसरा आणि तिला चढावर नेऊच नका, अशा कुत्र्यांना धापा टाकूनही नीट गार होता येत नाही. आणि डॉक्टर नको म्हणाले तर नकोच. पण "उगाच लोढणं होईल" एवढ्याच कारणाने तिला शेजाऱ्यांकडे ठेवू नका. चिंगी त्यानंतर दीड वर्षं जगली आणि त्या मोज्याचा दुसरा जोडीदार बाबांनी अजून कपाटात ठेवलाय.

धाकट्याचं राहिलंच. मोकळं सोडू नका. दीड वर्षाचं कुत्रं पक्ष्यामागे कड्याच्या टोकापर्यंत धावतं आणि हाक ऐकू येत नाही, आणि डोंगरात दुसऱ्यांची गुरं असतात. लांब दोरी बांधा आणि ती तुमच्या हातात ठेवा. म्हातारीची वडिलांच्या हातात द्या, आणि ती बसली की त्यांनाही बसू द्या.