साडेचार हजारांत पाचशे नोंदी

प्रश्न : ताई, गुहागरला आमचं चार खोल्यांचं घरगुती निवासाचं काम आहे. पुतण्याने दोन वर्षांपूर्वी वेबसाइट करून दिली, पण ती कोणी बघत नाही. महिन्याला तीस-चाळीस जण येतात, त्यातले निम्मे आम्हीच असू. आता पुण्याहून एकाचा सारखा फोन येतोय. साडेचार हजारांत पाचशे वेब डिरेक्टऱ्यांमध्ये, म्हणजे वेबसाइटींच्या याद्यांमध्ये, तुमचं नाव टाकून देतो, महिन्यात ट्रॅफिक, म्हणजे साइट बघणारे, वाढेल, म्हणतो. पैसे देऊ का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : नका देऊ.

इतक्या ठामपणे सांगते, कारण हेच काम मी चार वर्षं पगार घेऊन केलंय. 2008 साली पुण्यात कर्वेनगरात एका दोन खोल्यांच्या ऑफिसात मला नोकरी लागली. कार्डावर ‘एसईओ एक्झिक्युटिव्ह’ छापलेलं होतं, म्हणजे गूगलच्या शोधात गिऱ्हाइकाची साइट वर आणणारी. काम म्हणाल तर फॉर्म भरायचे. गिऱ्हाइकं सगळी अमेरिकेतली : दातांचे डॉक्टर, प्लंबर, छपरं दुरुस्त करणारे. आम्हा सहा जणींना मिळून एक एक्सेल शीट दिलेली असायची, तिच्यात आठशेच्या वर डिरेक्टऱ्या. वेबसाइटचा पत्ता टाका, वर्ग निवडा, वर्णन चिकटवा, वाकडीतिकडी अक्षरं ओळखून कॅप्चा भरा, पुढची ओळ. वाट बघायची असेल तर रकाना पिवळा, मंजूर झालं की हिरवा. दिवसाला सव्वाशे नोंदी झाल्या नाहीत तर संध्याकाळी साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहत. एकाच डॉक्टरांचं वर्णन पाच प्रकारे लिहायचं, म्हणजे गूगलला ते वेगवेगळं वाटावं. ओहायोतल्या एका दवाखान्याच्या वेळा मला अजून पाठ आहेत.

आणि त्या चार वर्षांत, दात दुखतोय म्हणून कोणी यातली एखादी डिरेक्टरी उघडली असेल, असं मला एकदाही वाटलं नाही. त्या साइटवर जाणारे आम्हीच, नाहीतर आमच्यासारखेच दुसऱ्या कुठल्यातरी ऑफिसात बसून फॉर्म भरणारे. सगळे पाट्या लावणारे, वाचणारा कोणी नाही.

मग ते चालत कसं होतं? त्याला जुना इतिहास आहे. याहूची सुरुवातच मुळी 1994 साली स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी केलेल्या आवडत्या साइटींच्या यादीतून झाली. 1998 मध्ये डीमॉझ नावाची तशीच यादी आली. तिथे हजारो स्वयंसेवक एकेक साइट उघडून बघत आणि मगच यादीत घेत. याहू तर धंदेवाईक साइट नुसती तपासायचे वर्षाला 299 डॉलर घ्यायची, आणि नाकारली तरी पैसे परत नाहीत. माणसाने डोळ्यांखालून घातलेली यादी म्हणून तिला किंमत होती, लोक तिथूनच साइट शोधत. एका साइटने दुसरीकडे दिलेली लिंक म्हणजे शिफारस, असं गूगल धरून चाललं, तेव्हा अशा यादीतल्या लिंकला वजन येणारच. ते वजन दिसल्यावर बिनतपासणीच्या नकली डिरेक्टऱ्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या. माझा पगार त्या छत्र्यांवर चालायचा.

24 एप्रिल 2012 ला गूगलने ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणला आणि अशा विकतच्या लिंकांच्या जोरावर वर बसलेल्या साइटी खाली गेल्या. आमच्या ऑफिसात पुढच्या आठवड्यात फोनवर फोन. मग आम्ही काय केलं असेल? तीच एक्सेल शीट, त्याच ओळी, पण आता प्रत्येक डिरेक्टरीच्या मालकाला मेल : कृपया आमची नोंद काढून टाका. घातलेले टाके उसवायला बसलो. काही मालक तर नोंद काढायचेही दहा-वीस डॉलर मागत! ऑक्टोबरमध्ये गूगलने नको त्या लिंका नाकारायची सोय दिली, तेव्हा उरलेल्या नावांची फाइल मी तिथे चढवली, आणि दिवाळीनंतर नोकरी सोडली. याहूची डिरेक्टरी 2014 च्या डिसेंबरात बंद झाली, डीमॉझ 2017 च्या मार्चमध्ये.

तुम्हाला फोन करणारा गृहस्थ 2008 मधला माल 2008 च्याच भाषेत विकतोय. गूगलच्या स्पॅमविषयीच्या नियमांत हलक्या प्रतीच्या डिरेक्टऱ्यांमधल्या लिंका नाव घेऊन दिलेल्या आहेत. तुमच्या लहानशा साइटला त्यापायी मोठी शिक्षा होईल असं नाही, बहुतेक वेळा गूगल त्या लिंका मोजतच नाही. साडेचार हजार मात्र जातील, आणि तुमचा मोबाइल नंबर पाचशे ठिकाणी पडला की कर्ज हवंय का म्हणून विचारणारे फोन फुकट.

तरी मन मानत नसेल तर त्याला पाचशेपैकी दहा नावं मागा. देत नसेल तर प्रश्नच मिटला. दिली तर गूगलच्या खिडकीत इंग्रजीत ‘साइट’, मग अपूर्णविराम (:), आणि मध्ये जागा न सोडता त्या डिरेक्टरीचा पत्ता टाका. पानंच दिसली नाहीत, तर तिला गूगलने घरातही घेतलेलं नाही. पानं दिसली तर तिच्यात कोकणातलं राहण्याचं ठिकाण शोधा. तुम्ही स्वतः तारकर्लीला निघालात तर खोली शोधायला तिथे जाल का, हे स्वतःला विचारा.

याचा अर्थ याद्या संपल्या असा नाही. लोक बघतात ती यादी आता नकाशावर आहे. गूगलवरचं ‘बिझनेस प्रोफाइल’ म्हणजे डिरेक्टरीच की, फक्त फुकट, आणि गुहागरला उतरलेला माणूस ती खरोखर उघडतो. तुमची नोंद आधीच कोणीतरी केलेली असू शकते, ती आपल्या ताब्यात घ्या. हल्ली पडताळणीला बहुधा व्हिडिओ मागतात : रस्ता, पाटी, आतली खोली, एका दमात. रेंज असेल तिथे उभे राहून करा.

आणि नकाशावरची खूण स्वतः तपासा. माझ्या एका गिऱ्हाइकाचं घर धोपाव्याच्या अलीकडे, म्हणजे गुहागरच्या बाजूला. खूण पडली होती खाडीपलीकडे दाभोळला. मे महिन्यात मुंबईचं एक कुटुंब रात्री आठला दाभोळच्या धक्क्यावरून फोन करतंय, ‘काकू, आम्ही तुमच्या दारातच आहोत, पण घर दिसत नाही.’ काकू इकडे ओट्यावर सोलकढी काढून बसलेल्या. गाडीसकट फेरीबोटीने अलीकडे येऊन मंडळी जेवायला बसेपर्यंत दहा वाजले. खूण हलवायला मला पाच मिनिटं लागली.

त्याखेरीज राज्याच्या पर्यटन खात्याच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदणी केली नसेल तर करा. तिथून रोज गर्दी येणार नाही, पण फोनवर आगाऊ रक्कम मागताना ‘आमची सरकारदरबारी नोंद आहे’ म्हणता येतं. नाव, पत्ता, फोन सगळीकडे एकसारखा ठेवा. एका ठिकाणी पुतण्याचा जुना नंबर राहिलाय का बघा, बहुतेक असतोच.

आता ते तीस-चाळीस. चार खोल्यांना ट्रॅफिक लागत नाही, पाहुणे लागतात. फोनशेजारी एक वही ठेवा आणि प्रत्येकाला विचारा, ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ उत्तर लिहून ठेवा : नकाशा, ओळखीचे, वेबसाइट, व्याडेश्वराच्या देवळाबाहेर कोणीतरी सांगितलं. गणपती ते मे एवढी वही भरली की पैसे कुठे घालायचे, हे मला विचारावं लागणार नाही.

*

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत माझी लहान फाउंड्री आहे. आमच्या धंद्यातही डिरेक्टऱ्या बिनकामाच्याच का? मुलगा म्हणतो, सगळं बंद करा आणि इन्स्टाग्राम करा.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मुलाला थोडं थांबवा. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, घेणारा खरेदी अधिकारी रील बघून ऑर्डर देत नाही. तुमच्या धंद्यात यादी अजून जिवंत आहे, कारण तिथे माल शोधणारा माणूस येतो. कारखान्यांच्या मालाची यादी असलेली इंडियामार्ट 1996 पासून चाललीय ती याच जोरावर. पण अशा ठिकाणी एकच चौकशी चार-पाच जणांकडे जाते आणि बोलणं दरावर येतं, हे धरून चाला. पैसे भरून वरची जागा घ्यायच्या आधी सहा महिने फुकटच्या नोंदीवर काढा. कोणत्या ग्रेडचं लोखंड, किती किलोपर्यंतचं कास्टिंग, मशिनिंग करता की नाही, हे लिहा. ‘उत्तम दर्जा, वाजवी दर’ सगळेच लिहितात.

त्याहून मोलाच्या याद्या तुमच्या शेजारीच आहेत : तुमची स्मॅक (शिरोलीच्या कारखानदारांची संघटना), इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेन, आणि निर्यातीचा विचार असेल तर ईईपीसी (इंजिनिअरिंग मालाच्या निर्यातदारांची परिषद). सभासद म्हणून वर्गणी भरत असालच. तिथल्या यादीत तुमच्या वेबसाइटचा पत्ता दिलाय का, आणि तो उघडतो का, हे बघितलंय कधी? तिथून महिन्यात दोनच माणसं साइटवर आली तरी ती कास्टिंग घ्यायला आलेली असतात.

*

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या साइटवर ‘डीमॉझमध्ये समाविष्ट’ असं चिन्ह आहे. त्यावर टिचकी मारली की काहीच उघडत नाही. काय करावं?
– एक वाचक, वाई

उत्तर : काढून टाका. मंजुरीची वाट बघत काढलेले महिने आठवून हळहळ वाटेल, मलाही वाटते. डीमॉझच्या जुन्या संपादकांनी ‘कर्ली’ नावाने तीच यादी पुढे चालू ठेवलीय, हौस असेल तर तिथे नोंद करा. पण आधी त्या रिकाम्या जागी वाचनालयाच्या वेळा लिहा. तुमची साइट उघडून बघितली, वेळा कुठेच सापडल्या नाहीत.