हीट पंप घरात कुठे बसवावा? वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न (पुणे) : स्वयंपाकघरालगतच्या ड्राय बाल्कनीला सरकत्या काचा लावून ती बंद केली आहे. तिथे पाणी तापवण्याचा 200 लिटरचा हीट पंप बसवला तर चालेल का?

उत्तर : जागा योग्य आहे, पण काचा बंद ठेवता येणार नाहीत. गीझर विजेपासूनच उष्णता निर्माण करतो. हीट पंप मात्र आजूबाजूच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो, म्हणूनच 200 लिटर पाणी 25 अंशांवरून 55 अंशांपर्यंत नेण्यास गीझरला जिथे सुमारे 7 युनिट वीज लागते, तिथे चांगला हीट पंप दोन-अडीच युनिटांत काम भागवतो. ही सगळी बचत हवेच्या जिवावर आहे. कोंडलेल्या जागेत यंत्र स्वतःच गार केलेली हवा पुन्हा पुन्हा आत ओढत राहते. अशाच एका बंद बाल्कनीत मी पावसाळ्यात गेलो होतो, तेव्हा फरशी पायांना गारठा देत होती, काचेवर बाहेरून बाष्प धरले होते आणि तासाभरानंतरही टाकीतले पाणी जेमतेम कोमट होते. बंद खोलीसाठी साधारण 700 घनफूट हवा धरतात, म्हणजे 9 बाय 10 फुटांची, 8 फूट उंचीची खोली. एवढी ड्राय बाल्कनी क्वचितच असते. तेव्हा एका बाजूला काचेऐवजी जाळी लावा. भरलेल्या टाकीचे वजन अडीचशे किलोंच्या घरात जाते, म्हणून स्लॅबबद्दल आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

प्रश्न (रत्नागिरी) : गच्चीवर बसवावा की मागच्या पडवीत?

उत्तर : पडवीत, हे माझे निःशंक मत आहे. गच्चीवर हवा मुबलक असली, तरी खारा वारा आणि पाऊस यंत्राच्या धातूच्या पातळ पात्यांना लवकर खातात. शिवाय न्हाणीघरापर्यंत अर्धा इंची नळी 20 मीटर गेली, तर तिच्यात अडीच-तीन लिटर पाणी राहते आणि दर वेळी ते गार होऊन वाया जाते.

प्रश्न (न्यू जर्सी) : आमच्या बेसमेंटमध्ये ठेवावा की गॅरेजमध्ये?

उत्तर : बेसमेंटमध्ये. उन्हाळ्यात तिथला दमटपणाही कमी होईल. गॅरेज गोठण्याइतके गार झाले, की यंत्राची कार्यक्षमता घसरते आणि नळ्यांनाही धोका असतो. पंख्याची घरघर मात्र असते. झोपण्याच्या खोलीखालचा कोपरा टाळा.

प्रश्न (मुंबई) : नव्या हीट पंपाखाली रोज पाणी साचते. टाकी फुटली असेल का?

उत्तर : बहुधा नाही. दमट हवा गार होताना तिच्यातले बाष्प पाणी होऊन ठिबकते आणि पावसाळ्यात ते दिवसाला काही लिटर भरू शकते. त्याची नळी उतार देऊन नहाणी ट्रॅपपर्यंत, म्हणजे फरशीतल्या जाळीच्या सांडपाण्याच्या तोंडापर्यंत, न्या. उतार मिळत नसेल, तर यंत्राची जागा बदला. पाणी कोरड्या दिवसांतही येत असेल, किंवा गरम असेल, तर तंत्रज्ञाला बोलवा. टाकीतला जादा दाब सोडणाऱ्या सुरक्षा झडपेची नळी वेगळी असते. तीही ठिबकताना दिसली, तरी तिचे तोंड कधीही बंद करू नका.